नऊ नंबर

हार्टलपूलचा वारा समुद्रावरून येतो
आणि ओळखपाळख न विचारता कॉलरीत शिरतो.
शनिवार, दुपारचे तीन, उभ्यानं बघायचा स्टँड.
चहा गरम, चहापेक्षा वाद गरम.

वादाचं नाव लेव्ही क्वार्टी, वय वीस.
ऑगस्टपासून सामने चौदा, गोल दोन,
त्यातला एक नुसताच गुडघ्याला लागून गेलेला.
तो धरायचा की नाही
यात आमचा अख्खा नोव्हेंबर गेला.

"समोर रिकामं गोल होतं, रिकामं!
माझी आई वॉकर घेऊन आली असती तरी
आत ढकलून, वळून, घरी गेली असती."
हा अल्फ पाउंडर, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त,
हातात पाय. म्हणजे खायचा,
मांसाचं सारण भरलेला;
मराठीत सांगायला गेलं की भलतंच होतं.

त्याची सून जेमा मोबाइलमध्ये हिशेब ठेवते:
"दर सामन्यात पाच वेळा गोलसमोर पोचतो पोरगा.
आधीचा नऊ नंबर महिन्यातून एकदा पोचायचा,
तोही वाट चुकून."
"पोचून करतो काय? दार वाजवतो आणि पळतो."
"जानेवारीत विका."
"घेणार कोण?"
"मग बाकावर बसवा."
"बसून नेम सुधारतो होय? मग तुझा का नाही सुधारला,
बाथरूम बघितलंय मी तुझं."

मी गप्प.
जिभेवर हातातोंडाशी आलेला घास होता,
पण तो इथं वाढायचा कुणाला?

मला या स्टँडात आणलं नॉरिस स्ट्रॉन यांनी.
पहिल्या आठवड्यात, हॉस्पिटलात, रक्त काढायच्या खोलीत
त्यांच्या डाव्या हातात मी चार वेळा सुई घातली
आणि चारही वेळा शीर बाजूला सरकली.
मिरजेत सात वर्षं हेच करत होते मी,
तिथं बोलता बोलता सापडायची.
इथं बोटं गारठलेली, मागं सुपरवायझर,
तिच्या पेनाचा टकटक आवाज.
मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावते.
ते म्हणाले,
उजवा हात आहे की अजून.

अठ्ठ्याहत्तरावं मिनिट. एका गोलनं मागं आम्ही.
उजवीकडून क्रॉस आला
आणि लेव्ही तिथं होता,
बॉलच्या आधी, बचाववाल्यांच्या आधी,
आमच्या ओरडण्याच्याही आधी.
गोलकीपर आडवा. जाळं उघडं.
डावा पाय फिरला
आणि बॉल उंच, आणखी उंच,
दोन सीगल दचकून बाजूला झाले,
आणि थेट आमच्यात.

पाउंडरनं दोन्ही हातांनी झेलला.
पाय चिखलात पडला, खायचा.

घाई होती, म्हणून लेव्ही स्वतःच बॉल न्यायला धावत आला.
जवळून पाहिला पहिल्यांदा:
हनुवटीवर एक लाल पुटकुळी,
मोज्याला गवत,
नजर आमच्यातल्या कुणावरच नाही.

आता शिवी येणार म्हणून मी मफलर कानांवर ओढला.
पाउंडरनं आपल्या मफलरनं
बॉलवरचा चिखल पुसला,
एका बाजूनं, मग उलटा करून दुसऱ्या,
सामना तेवढा वेळ थांबला असेल नसेल,
आणि कठड्यावरून वाकून त्याच्या हातात दिला.
"खाली ठेव रे, पोरा."

लेव्ही गेला. पाउंडर वळला:
"विका त्याला! आणि माझ्या पायचे पैसे क्लबकडून घ्या!"

"डावखुरा आहे तो," स्ट्रॉन म्हणाले, मैदानाकडे बघत.
"उजवा पाय आहे की अजून."
सगळे खो खो हसले.
मी हसले नाही, हातमोज्यातली बोटं फक्त
एकदा उघडली, मिटली.

जेमानं मोबाइलमध्ये सहावी नोंद केली.
कुठल्या रकान्यात, ते मी विचारलं नाही.